दोन टक्के आणि एक माड

१४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

दोन टक्के! म्हणजे नव्वद हजार. कशाचे? तर बोलण्याचे.

पूर्णगडची बाबांची जागा विकायची ठरली. अठरा गुंठे, काजूची कलमं, एक विहीर, सहा माड. पंचेचाळीस लाख तरी यायला हवेत. ईशाला मार्चअखेर गाळा घ्यायचा आहे. मुंबईचं हॉस्पिटल सोडून इथे रत्नागिरीत स्वतःचं फिजिओथेरपीचं क्लिनिक काढणार पोरगी. मी तिला शब्द देऊन बसलोय.

बायको म्हणाली, गुणवंतीला सांगा. गुणवंती म्हणजे आमची मासेवाली. बांगडे विकता विकता जागांची कामंही करते म्हणे. आज पाटी उतरवली, बांगडे मोजून दिले आणि तिथेच ओट्यावर बसून म्हणाली, "माझे दोन टक्के, बाळाभाऊ. घेणाऱ्याकडून दोन, तुमच्याकडून दोन. जागा गेली तर. नाय गेली तर काय नाय." वर बांगड्यांचे पैसे वेगळे घेतले.

तेहेतीस वर्षं बोटीवर काढली. सारंग म्हणून उतरलो, म्हणजे डेकवरच्या सगळ्या खलाशांचा मुकादम. सुरुवातीला नव्वद हजार मिळवायला मला दोन वर्षं लागली होती. हिला किती तास लागतात ते मी या वहीत लिहून ठेवणार आहे. मग बघू.

१६ नोव्हेंबर

तिचं आजचं काम: दहा मिनिटं.

सातबारा मागितला. उलटसुलट बघितला, मोबाईलवर फोटो काढला. हिला ऑफिस नाही, टेबल नाही, वही नाही. पाटीत माशांच्या खाली एक प्लास्टिकची पिशवी, तिच्यात लोकांचे सातबारे. वास येतो त्यांना.

"जुने फेरफार बघितलेत काय ओ?" असं विचारलं. जमीन कोणाकडून कोणाकडे गेली त्याच्या तलाठ्याकडच्या नोंदी. म्हटलं, बाबांनी सगळं करून ठेवलंय, तू गिऱ्हाईक आण.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज तिला गाडीत घालून पूर्णगडला गेलो. भाट्याच्या पुलावरून पावस गावापर्यंत ती एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, हिला गाडी लागते. नंतर कळलं, ती रस्त्याकडेचे सगळे 'विकणे आहे'चे बोर्ड वाचत होती.

जागेवर उतरल्यावर तिने चपला काढल्या आणि चालायला लागली. मी आपला मागे. विहिरीत डोकावून म्हणाली, "एप्रिलात तळ दिसतो, पण आटत नाय. त्या कोपऱ्यातनं झरा हाय." आता हे खरं आहे. लहानपणी त्याच कोपऱ्यात आम्ही कळशी बुडवायचो. पण हिला कोणी सांगितलं? तर म्हणे, तिथलं शेवाळ बघा. मी बघितलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा बघितलं.

मग काजू. कुठली कलमं धरतात, कुठल्यांवर वारा येतो, सगळं चालता चालता. माती उचलून बोटांत चोळली, वास घेतला. म्हणाली, "ही जागा मुंबईच्या नोकरदाराची नव्हे. ह्याला एखादा रिटायर डॉक्टर पायजे. कोल्हापूरकडचा. त्यांना समुद्र लांबून चालतो, झाडं पायजेत." जागेला बघून माणूस सांगत होती! मी बोटीवर भले भले कॅप्टन बघितले, पण असं काही बघितलं नव्हतं. नुसता तोंड उघडं ठेवून उभा राहिलो.

खालच्या अंगाला गडगा आहे, चिरे रचून केलेली कुंपणभिंत. गडग्यापलीकडे भिकाजीदादाचं घर. सत्तरीचा माणूस, जन्मभर होडी आणि जाळी. आमच्या जागेवर लक्ष तोच ठेवतो, दरवर्षी नारळ-काजू पोचवतो. तिथे गुणवंती थांबली. गडग्यावर चढायला चिरे बाहेर काढून पायऱ्या केल्यात, त्यांच्याकडे बोट करून म्हणाली, "ह्या पायऱ्या खालच्या अंगाला हायत. म्हंजे बांधणारा खालून वर येत होता." मी म्हटलं, मग? "काय नाय. बघून ठेवलं."

सहावा माड गडग्याला लागून आहे. त्याच्या बुंध्यावर चुन्याचा पांढरा पट्टा, दरवर्षी ताजा. पाच माडांचे नारळ भिकाजीदादा पाठवतो, याचा एकही कधी येत नाही. मी तिला म्हटलं, बघ, कोणीतरी फुकट्या दरवर्षी याच माडाचे नारळ पाडून नेतो. चोरांनी खूणसुद्धा करून ठेवलीय. तिने नुसतं वर बघितलं आणि चपला घालायला गेली.

आजचं काम: पाच तास. प्रवास धरून. प्रवास धरावा का?

५ डिसेंबर

तीन गिऱ्हाइकं आणली. एक भाव ऐकून गेला, दोघांना तिनेच परत पाठवलं. मी चिडलो. शेवटच्याबद्दल म्हणाली, "तो घेनार नाय. बायको गाडीतून उतरली नाय, बघितलंत नाय?" मी खरंच बघितलं नव्हतं. मी त्याच्या बुटांकडे बघत होतो, महागाचे वाटत होते.

काम: तीन तास.

१२ डिसेंबर

सौंदाळे आणले. जागेचं काही नाही. शून्य मिनिटं. सौंदाळे चांगले होते.

१९ डिसेंबर

ठाण्याचा हर्षद म्हणून एकजण आला. पस्तिशीचा, बोलायला गोड. जागेवर गेल्या गेल्या गडग्यापाशी जाऊन उभा राहिला. समुद्र बघत होता. विहिरीबद्दल विचारलं नाही, काजूंकडे तर पाठच. सातबाऱ्याचा फोटो काढला, आठ दिवसांनी फोन करून सांगतो म्हणाला, आणि त्याच संध्याकाळी फोन केला. पंचेचाळीस कबूल!

मी पेढे आणणार होतो. गुणवंतीचं तोंड मात्र आंबट. "घासाघीस न करनारा गिऱ्हाईक मी बांगड्यालासुद्धा बघितला नाय, बाळाभाऊ. आदी मोजणी करून घ्या. मगच विसार घ्या."

सरकारी मोजणी म्हणजे दोन-तीन महिने. मार्चला ईशाचा गाळा. मला तर वाटतं, काम केल्यासारखं दाखवायला ही मोजणी काढतेय. नाहीतर आजचे पाच धरून तेरा तासांचे नव्वद हजार मागणार कुठल्या तोंडाने?

२८ डिसेंबर

हर्षदचा फोन. "काका, एजंट कशाला मधे? तिला मी द्यायचे ते आणि तुम्ही द्यायचे ते, दोन्ही वाचतील. मोजणीची पण भानगड नको. आहे तशी घेतो."

मुलगा व्यवहारी वाटला. बायकोला सांगितलं. ती भांडी घासत राहिली. जरा जास्तच आवाज करत.

४ जानेवारी २०२६

विसार घेतला. पाच लाखांचा चेक. शेजारच्या सुजयने साक्षीदार म्हणून सही केली. पावतीत हिस्सा नंबर तीन, 'त्यावरील झाडे, विहीर व बांधकामासह' असं लिहिलंय. बांधकाम म्हणजे विहिरीवरची पंपाची खोली धरली असेल.

सकाळी गुणवंती आली होती. तिला म्हटलं, सध्या विकायचा विचार नाही. "बरं," म्हणाली. बांगडे मोजून दिले. नेहमीसारखा एक वर घातला. त्या एका बांगड्याने दिवसभर त्रास दिला.

११ जानेवारी

गुणवंती आठवडाभर आली नाही. बायकोने बाजारातून मासे आणले. शिळे निघाले. मला ऐकवलं.

१७ जानेवारी, शनिवार

आजचं सगळं लिहून ठेवतो.

गुणवंती आली. पाटी नव्हती, नुसती प्लास्टिकची पिशवी. ओट्यावर बसली, पाणी मागितलं. मग माझ्यासमोर एक जुना नकाशा पसरला, हिस्स्यांचा. त्याच्या शेजारी सातबारे, माझा आणि भिकाजीदादाचा. बोट ठेवून म्हणाली, "हा हिस्सा तीन. तुमच्या नावावरचा. हा कुठं हाय, बघा."

बघितलं. हिस्सा तीन गडग्याच्या खाली होता. समुद्राच्या अंगाला. भिकाजीदादाचं घर, त्याचं जाळी सुकवायचं खळं, त्याच्या सुनेची तुळस, सगळं हिस्सा तीनवर. आणि आमची काजू, आमची विहीर, हिस्सा पाचवर. भिकाजीदादाच्या बापाच्या नावावर.

"त्र्याऐंशी साली तुमच्या बाबांनी आनि त्याच्या बापाने तोंडी अदलाबदल केली. तुमच्या बाबांना कलमं लावायला वरची जागा पायजे होती, त्यांना होडीसाठी खालची. कागद कोणी केला नाय. तुमी विसार घेतलात तो भिकाजीदादाच्या घराचा, बाळाभाऊ."

पाणी तिने मागितलेलं, प्यायलो मी.

आता सगळं दिसायला लागलं. हर्षद काजूंकडे पाठ करून काय बघत होता? समुद्र नव्हे, कौलं बघत होता. काजूच्या भावात समुद्राकाठची जागा. 'बांधकामासह'. मोजणी नको. मधे एजंट नको. त्याच्याकडे हा नकाशा आधीच असणार. अख्ख्या व्यवहारात हा नकाशा वाचू शकेल असं एकच माणूस होतं, आणि ते मी स्वतःच्या हाताने बाजूला केलं. ज्या माणसाने मला चाळीस वर्षं नारळ पोचवले त्याचं घर मी विकलं, आणि वर पैसे वाचले म्हणून खुश होतो.

तिला विचारलं, तुला आधीपासून माहीत होतं? "ऐकीव होतं. पन कागद हातात नसताना काय बोलू? अर्धवट बोलले असते तर दोन्ही घरांत आग लागली असती." भूमी अभिलेखच्या कार्यालयात अकरा खेटे घातले तिने. मासे विकून झाल्यावर, दुपारी, उन्हात. त्यातले सहा खेटे मी तिला नको म्हटल्यानंतरचे.

विसाराचं कळलं होतं का, असंही विचारलं. "व्हय की. सुजय माझ्याकडूनच मासे घेतो." मग कशासाठी केलंस एवढं? तिला प्रश्नच कळला नाही असं वाटलं. "पायऱ्या खालच्या अंगाला होत्या ना, म्हंजे तुमचे बाबा आदी खालचे," म्हणाली. "बघितल्यावर सोडून कसं देनार?"

१८ जानेवारी

तासांचा हिशोब ज्या पानांवर होता ती आज पुन्हा वाचली. लाज वाटली.

बंदरात शिरताना बोटीला वाट दाखवायला पायलट यायचा. दोरीच्या शिडीवरून वर चढायचा, चहा प्यायचा, पाऊण तास उभा राहून डावं-उजवं सांगायचा आणि उतरून जायचा. त्याची फी माझ्या महिन्याच्या पगाराएवढी. कोणी कधी कुरकुर केली नाही. खाली खडक कुठे आहेत ते त्याला ठाऊक असायचं. आम्ही कोणी त्याचे तास मोजले नाहीत. आणि ही बाई माशाची पाटी घेऊन आली म्हणून मी घड्याळ लावून बसलो.

२५ जानेवारी

हर्षद आला. आवाज चढवला. करार मोडलात, दुप्पट परत द्या, कोर्टात खेचतो. गुणवंती खाली ओट्यावर बसली होती, तिथूनच अगदी हळू आवाजात बोलली. "घरपट्टी भिकाजीदादाच्या नावावर. विजेचं बिल त्याच्या नावावर. चाळीस वर्षांची. सगळ्या पावत्या ह्या पिशवीत हायत. तुमी कोर्टात जा, दादा. निकाल तुमचे नातू ऐकतील." पिशवी मांडीवर ठेवून, जणू बांगड्याचा भाव सांगतेय.

पाच लाख घेऊन गेला. जाताना पिशवीकडे बघत होता.

मी नंतर विचारलं, सगळ्या पावत्या खरंच होत्या? "सात वर्षांच्या होत्या," म्हणाली.

९ फेब्रुवारी

आज अदलाबदलीचा दस्त नोंदवला. भिकाजीदादाला मी स्वतः जाऊन सगळं सांगितलं होतं, विसारासकट. वाटलं होतं, शिव्या घालेल. तो म्हणाला, "तुझ्या बापाने जीभ दिली होती, तू कागद देतोयस. झालं की." आणि कार्यालयात इस्त्रीचा सदरा घालून आला. कुठे सही करायची ते गुणवंती त्याला दाखवत होती, लहान मुलाला दाखवावं तशी.

सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच ती उभी होती. तिची दुपारची मासळी बुडाली. म्हटलं, गुणवंतीबाई, याचे किती द्यायचे? "अदलाबदलीला टक्के नसतात. विकलं काय? कायच नाय." उसाचा रस मात्र प्यायली. दोन ग्लास.

पहिल्यांदाच 'बाई' म्हटलं मी तिला. तिच्या लक्षात आलं असेल. तिच्या लक्षात काय येत नाही?

३ मार्च

डॉक्टर आले. रिटायर. कोल्हापूरचे!

नोव्हेंबरात मूठभर माती हातात घेऊन जो माणूस तिने सांगितला, तोच समोर उभा. आल्या आल्या विहिरीत डोकावले, मग काजू बघत अर्धा तास फिरले. समुद्राकडे एकदा बघून "हां, आहे," म्हणाले. डॉक्टरीणबाई गाडीतून आधी उतरल्या. आता मीही बघायला शिकलोय.

बोलणी गुणवंतीने केली. त्रेचाळीसवर ठरलं. ईशाच्या गाळ्याला पुरून उरतात. मी म्हटलं, तुला तीन टक्के देतो. तिला रागच आला. "दोन ठरलेत."

२१ मार्च

भिकाजीदादाला भेटायला पूर्णगडला गेलो. खरेदीखताच्या आधी बाबांची जागा एकदा नीट बघावी म्हणून.

सहावा माड रिकामा. नारळ नुकतेच पाडलेले. पट्टा ताजा, चुना बोटाला लागला. मी संतापलो. म्हटलं दादा, जागा जाईपर्यंत या चोराने सोडलं नाही. भिकाजीदादा जाळं विणत होता, मान वर न करता म्हणाला, "चोर कसला. तो दलालीचा माड."

मग सांगितलं त्याने. त्र्याऐंशी साली अदलाबदल सरळ झालीच नव्हती. माझे बाबा आणि त्याचा बाप एकमेकांचं तोंड बघत नव्हते, गडग्यावरून दोनदा हातघाईवर आले होते. जनी म्हणून एक मासेवाली होती. ती रोज पाटी घेऊन दोन्ही घरी जायची. वर्षभर ह्याचं त्याला आणि त्याचं ह्याला सांगत राहिली, वाईट तेवढं वाटेत टाकून. शेवटी दोघांना एका पंगतीला बसवलं. बाबांनी विचारलं, जने, तुझी दलाली किती? ती म्हणाली, पैसे नकोत, पैसे संपतात. एक माड द्या. बाबांनी स्वतः चुना कालवून पट्टा ओढला. तिच्या घरची माणसं अजून येतात, म्हणाला भिकाजीदादा, आणि चहा टाकायला उठला. मी पुढे विचारलं नाही. बाबांनाच आठवत बसलो होतो.

दलाली किती असावी, ते माझ्या बापाने माझ्या आधी चाळीस वर्षं ठरवून टाकलं होतं. माडच्या माड. पिढ्यान् पिढ्या. आणि मी नव्वद हजारांवरून चार महिने तास मोजत होतो.

कागद मात्र याचाही नाही. खरेदीखत झालं की माड डॉक्टरांचा.

२५ मार्च

खरेदीखतात मी एक ओळ घालायला लावली. चुन्याच्या पट्ट्याचा माड सोडून, त्याच्याकडे जायच्या-यायच्या वाटेसकट. डॉक्टर आनंदाने हो म्हणाले. वकील म्हणाला, नाव लागेल, जनीचा वारस कोण? मी गुणवंतीकडे वळलो. सगळ्या गावाचे वारस तिला तोंडपाठ. तिने पिशवीचं तोंड बांधलं. मग म्हणाली, "माजी सासू ती."

नोव्हेंबरपासून एक शब्द नाही. तिच्याच माडाखाली उभं राहून मी तिला चोर दाखवत होतो.

वकिलाने ओळ लिहिली. आजवर सगळ्यांचे कागद तिने वाचले. हा मात्र तिने माझ्या हातात दिला, आणि मला तो तीनदा मोठ्याने वाचून दाखवायला लावला.